पैकूचा पहिला नंबर

"हे लेकरू रडत कसं नाही हो?" परीक्षक म्हणून बसलेल्या हेडमास्तरांनी पैकूच्या गालाला चिमटा काढत विचारलं.

"स्वभावच तसा आहे सर," मी म्हणाले. "फार समजूतदार आहे."

"वा!" म्हणत त्यांनी 'स्वभाव' या रकान्यात दहापैकी दहा लिहिले. कागद त्यांच्या बाजूने होता, पण साहेब लोकांच्या हातातला कागद उलटा वाचता येणं ही अंगणवाडी सेविकेच्या नोकरीतली पहिली पात्रता, आणि ती माझ्याकडे भरपूर होती.

पोषण सप्ताह सुरू होता. पंचायत समितीच्या हॉलमध्ये 'सुदृढ बालक स्पर्धा' भरली होती आणि तालुक्यातली चाळीस सुदृढ बालकं जीव खाऊन रडत होती. एकाने काट्यावर टांगल्या टांगल्या खालच्या साहेबांच्या बुटावर मुतून घेतलं, त्याचा नंबर तिथेच गेला. एकीने परीक्षकांचा चष्मा ओढला. या सगळ्या गोंधळात माझा पैकू माझ्या कडेवर नुसता बसून होता. दोन वर्षांचं लेकरू, गोल चेहरा, भरलेले गाल, डोळे अर्धवट मिटलेले, जणू या स्पर्धेशी त्याचा काही संबंध नाही. काट्याच्या झोळीत घातलं तरी तो हूं की चूं करेना. काटा नऊ किलो आठशेवर थांबला. आमच्या तालुक्यात त्या काळी दोन वर्षांच्या लेकराचं एवढं वजन म्हणजे पैलवानच की!

"केस बघा याचे, भुरे!" हेडमास्तर म्हणाले. "विलायती लेकरासारखे."

"आणि रंगही उजळ आहे," खडतकर साहेब म्हणाले. हे आमचे बालविकास प्रकल्प अधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांचे धनी. "कोलामांच्या पोडावरचं, आदिवासी वस्तीतलं लेकरू आहे म्हणून सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. गावंडेबाई, याला म्हणतात गुटगुटीत!"

मी, पंचफुला गावंडे, पिंपळशेंड्याची अंगणवाडी सेविका, त्या वेळी सुखाने अर्धी मेले होते. कारण गेल्या वर्षी लागोपाठ तीन मीटिंगांमध्ये याच खडतकर साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तेव्हा माझ्या गावात श्रेणी चारची, म्हणजे वजनाने अगदी शेवटाला गेलेली लेकरं सगळ्यांत जास्त होती. "बाई, तुमच्या गावात लेकरं जन्मतात की काड्या?" असं ते म्हणाले होते आणि सगळ्या जणी पदराआड हसल्या होत्या. त्यांतल्या दोघी तर माझ्या जिवाभावाच्या होत्या. तेव्हापासून मी एका नंबरासाठी तळमळत होते.

तो मिळाला. पन्नासपैकी सत्तेचाळीस. तीन मार्क नखांत माती होती म्हणून गेले. अंगणवाडीला लाकडी ढाल, पैकूला हार, महिला मंडळाने विणलेली लाल लोकरीची टोपी आणि तसलेच पायमोजे. सप्टेंबरचं विदर्भातलं ऊन, आणि पैकूला लोकरीची टोपी घालून खडतकर साहेबांनी मांडीवर घेतलं. फोटोवाल्याने "हस बाळा, हस" म्हणून खूप चुटक्या वाजवल्या. पैकू हसला नाही. शेवटी साहेबच हसले आणि फोटो निघाला.

त्याची आई मैना मागे दाराशी उभी होती, चार महिन्यांची पोरगी छातीशी धरून. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही खिडकीशी बसलो. माझ्या मांडीवर ढाल आणि मैनाच्या दोन्ही बाजूंना दोन लेकरं.

"बाई," मैना म्हणाली, "हा आठ दिवसांपासून काई खात नाई. नुस्ता पडून राह्यते."

"आता खाईल की," मी म्हणाले. "पहिला नंबर आला त्याचा!"

हे वाक्य मी बोलले आहे. दुसऱ्या कोणी बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

ऊन चढलं तसं पैकूच्या पायातले ते लोकरीचे मोजे मला बघवेनात. मी एक मोजा उतरवला. मोज्याच्या काठाचा वण घोट्याभोवती इतका खोल उमटला होता की त्यात बोट बसावं. मी त्याच्या पायावर अंगठा ठेवला, दाबला आणि मनात तीनपर्यंत मोजलं. अंगठा काढला तर पायावर खळगा. भिजवलेल्या कणकेत पडतो तसा. मी तो भरून यायची वाट बघत बसले. दोन थांबे गेले तरी तो काही भरला नाही.

आमच्या प्रशिक्षणात एका दुपारी हे शिकवलं होतं. जेवणानंतरचा तास होता, निम्म्या बाया डुलक्या घेत होत्या, पण मी जागी होते आणि वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं: पायावर खळगा पडला तर सूज. सूज असेल तर वजनावर जाऊ नये. लेकरू ताबडतोब दवाखान्यात.

"मैना, इथेच उतरून मागे फिरू," मी म्हणाले. "दवाखान्यात दाखवू याला."

"आता? आता तं सारं गाव फाट्यावर उभं असन नं बाई."

आणि होतंच. फाट्यावर डफडी वाजत होती. सरपंचांनी पैकूला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक निघाली. पैकू सरपंचांच्या डोक्यावर गाल टेकून झोपला. "काय निवांत लेकरू हाये!" असं जो तो म्हणत होता. कोणीतरी त्याच्या तोंडात पेढा घातला. तो पेढा त्याने गिळलाही नाही आणि थुंकलाही नाही, गालात धरून ठेवला. दिवेलागणीला मैनाने तो बोटाने बाहेर काढला.

मी त्या मिरवणुकीत ढाल धरून पुढे चालत होते. माझ्या नवऱ्यानेही त्या दिवशी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी मैनाला आणि पैकूला घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले. तिथे डॉक्टर रेवतकर म्हणून नुकताच शिकून आलेला पोरगेला डॉक्टर होता. त्याने पैकूचा पाय दाबला, पोट दाबलं, केस हलक्या हाताने ओढले. केस हातात आले.

"काय खातो हा?"

"कण्या जी, जवारीच्या," मैना म्हणाली. "अन् च्या."

"डाळ? दूध? अंडं?"

मैना हसली. प्रश्नच गमतीचा होता. मग तिने कडेवरच्या पोरीकडे बोट दाखवलं. "हे झाली अन् याचं दूध तुटलं."

डॉक्टर माझ्याकडे वळला. "बाई, पोट भरतंय पण अंग बांधायला जे लागतं ते काहीच मिळत नाहीये. म्हणून अंगात पाणी साठलंय. हे गाल नाहीत, पाणी आहे. केसांचा रंग गेलाय, कातडीचा गेलाय. रडायचंही त्राण नाहीये त्याला. लगेच भरती नाही केलं तर हातचा जाईल." मग त्याचं लक्ष गेलं. "ही टोपी कुठली एवढ्या उन्हात?"

"बक्षिसाची," मी म्हणाले.

"कसलं बक्षीस?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

आता अडचण अशी होती. रुग्णालयात कुपोषित लेकरांसाठी सहा खाटा होत्या. त्यांचं दूध, अंडी आणि सोबतच्या आईचं जेवण आमच्या प्रकल्पाकडून यायचं. पण ते कोणाला? ज्याच्या कागदावर श्रेणी तीन किंवा चार लिहिलंय आणि खाली प्रकल्प अधिकाऱ्यांची सही आहे त्याला. साध्या खाटेवर पडलं तर पाण्यासारखं वरण आणि भात, तेही आलं तर. मी मैनाला बाकावर बसवलं आणि खडतकर साहेबांच्या कचेरीत गेले.

साहेब खुशीत होते. पैकूचा फोटो समोरच होता.

"याच्या पाच मोठ्या प्रती करतोय, फ्रेम करून," ते म्हणाले. "एक जिल्ह्याला जाईल."

मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"गावंडेबाई, काल ज्याच्या गळ्यात मी हार घातला, त्याला आज मी कुपोषित म्हणून सही करू?"

"साहेब, सूज आहे ती. पाणी आहे."

"वजन किती?"

"नऊ आठशे."

"मग साधारण श्रेणी. काटा सरकारी आहे बाई, खोटं बोलत नाही."

"पण साहेब, लेकरू जाईल."

"मी नाही कुठे म्हणतोय?" साहेब समजुतीने म्हणाले. खडतकर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कागदावर नसलेली गोष्ट दिसत नसे. "नियमात बसू द्या. त्याचं वजन सात दोनशेच्या खाली आलं की घेऊन या. मी जेवत असलो तरी उठून सही करतो."

मी धावत दवाखान्यात गेले आणि डॉक्टरला हे सांगितलं.

"येईल की खाली," तो म्हणाला. "पाणी उतरलं की दहा दिवसांत सातवर येईल. पण पाणी उतरवायला भरती करावं लागेल."

"आणि भरती करायला वजन उतरावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच," मी म्हणाले.

डॉक्टर हसायला लागला आणि मध्येच थांबला. बाकावर पैकू झोपला होता, तोंड उघडं टाकून. त्याच्या ओठांच्या कडेला माश्या बसत होत्या आणि तो त्यांना हाकलत नव्हता. त्या माश्या पाहून मला नथ्थू आठवला.

नथ्थूची ओळख करून द्यायला हवी. झालं असं होतं, की मीटिंगांमध्ये उभं राहून राहून मी शेवटी माझी सगळी श्रेणी चारची लेकरं पेनानेच श्रेणी दोनमध्ये आणली होती. सगळ्याच जणी तसं करत होत्या. मग वरून तोंडी सूचना आली, की अगदी शून्य दाखवू नका, वरचे लोक तपासायला येतात, नमुन्यापुरतं एखादं ठेवा. खऱ्या लेकराला परत खाली ढकलायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी एक नवीनच लेकरू लिहिलं. पोडावरच्या घराकडे कोण बघायला जातं, म्हणून कवडू आणि मैना टेकाम यांच्या घरात लिहिलं. जन्मतारीख शोधायचा कंटाळा आला, म्हणून पैकूचीच लावली. अशा रीतीने नथ्थू कवडू टेकाम, पैकूचा जुळा भाऊ, वजन पाच किलो नऊशे, गेलं वर्षभर माझ्या रजिस्टरात कुपोषित होता. त्याच्या नावाने खडतकर साहेबांची सहीसुद्धा कधीच झालेली होती. फक्त त्याला भरती करायला कोणी आणलं नव्हतं, कारण आणायला तो नव्हता.

मी डॉक्टरला सांगितलं.

"आणा कागद," तो म्हणाला.

मैनाला समजावताना मात्र माझी बोबडी वळली.

"हे बघ, कोणी साहेब आले आणि नाव विचारलं तर नथ्थू सांगायचं."

"काऊन?"

"कागदासाठी गं."

"पन त्याचं नाव पैकू हाये नं बाई."

"मला माहीत नाही का? दूध-अंडं मिळायचं असेल तर नथ्थू म्हण."

मैनाने लेकराकडे पाहिलं. "नथ्थू," तिने हळूच हाक मारून बघितली. लेकराने पापणीही हलवली नाही. पण त्या दिवसांत तो पैकू म्हटल्यावरही हलवत नव्हता.

नथ्थूने भरती झाल्याच्या दिवशी पाच नऊशेवरून नऊ आठशेवर उडी मारली. एका दिवसात जवळजवळ चार किलो. तसा अहवाल कचेरीत गेला. कोणाला काहीच वाटलं नाही.

दर दोन तासांनी साखर आणि चमचाभर तेल घातलेलं दूध, वाटीने, थोडं थोडं. पहिले दोन दिवस त्याच्या तोंडातून ते परत यायचं. मैना पुसायची आणि पुन्हा पाजायची. मी एक दिवसाआड अंगणवाडी उरकून दुपारच्या बसने जायची. मग चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी उतरायला लागलं. नऊ तीनशे, आठ सहाशे, सात नऊशे. डॉक्टर खूश, मी खूश, आणि मैना मात्र दिवसेंदिवस गप्प. गाल गेले. छातीच्या फासळ्या मोजाव्यात अशा वर आल्या. हातापायांची कातडी सैल होऊन लोंबायला लागली.

"बाई, हा सुकून राह्यला," ती म्हणायची.

"बरा होतोय गं. हे असंच असतं."

आठव्या दिवशी त्याचा बाप कवडू आला. दारात उभा राहून त्याने खाटा पाहिल्या, मैनाच्या खाटेवरच्या लेकराकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेला. सहाही खाटा बघून तो परत आला.

"पैकू कुठी हाये?" त्याने बायकोला विचारलं.

मैनाने बोट दाखवलं. कवडू खाली बसला. "मोठं लेकरू आनलं व्हतं आपन," एवढंच तो म्हणाला. पोडावर जाऊन त्याने सांगितलं की दवाखान्यात लेकरू वितळवतात.

दहाव्या दिवशी खडतकर साहेबांचा शिपाई फ्रेम घेऊन आला. लाल टोपी, हार, भरलेले गाल, हसणारे साहेब. खाली सोनेरी अक्षरं: सकस आहार, सुदृढ बालक. बालकक्षात भिंतीला एकच खिळा होता आणि तो तिसऱ्या खाटेच्या डोक्यावर होता. तिसरी खाट आमची.

आणि अकराव्या दिवशी जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. मी त्या दुपारी तिथेच होते. पुढे जिल्ह्याचे साहेब, मागे खडतकर, त्यामागे चार-पाच जण. तिसऱ्या खाटेशी साहेब थांबले. कार्ड वाचलं.

"नथ्थू कवडू टेकाम. वजन सात शंभर. अरेरे." मग त्यांनी वरच्या फोटोकडे पाहिलं. "आणि हे?"

"पैकू कवडू टेकाम," खडतकर साहेब अभिमानाने म्हणाले. "आपलं पहिल्या नंबरचं बालक, साहेब."

"कवडू टेकाम? म्हणजे एकाच घरातले?"

खडतकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर पुढे केलं.

"जुळे आहेत, साहेब," खडतकर रजिस्टर बघून म्हणाले. ते स्वतःही चकित झाले होते.

जिल्ह्याच्या साहेबांचा चेहरा बदलला. ते सज्जन असावेत, कारण त्यांना खरोखरच राग आला.

"बाई," ते मैनाला म्हणाले, "एकाच दिवशी जन्मलेली दोन लेकरं. एकाला एवढं खाऊ घातलंत की पहिला नंबर आणला आणि दुसऱ्याला उपाशी मारलंत? आई आहात की कोण? काय बिघडवलं होतं या नथ्थूने तुमचं?"

मैना उठून उभी राहिली. तिने फोटोकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तिला सांगून ठेवलं होतं ना, नाव नथ्थू सांगायचं म्हणून. ती मी बोलायची वाट बघत होती.

मी रजिस्टराच्या पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा चिकटवत राहिले.

"लेकरात दुजाभाव करू नये बाई," साहेब म्हणाले. "उद्यापासून दोघांना सारखं द्यायचं. कळलं?"

"हो जी," मैना म्हणाली.

ते पुढच्या खाटेकडे गेले, मग बाहेर, मग जीपची दारं वाजली. मी वळले तर मैना गाठोडं बांधत होती. वाटी, चिंध्या, पोरीचं दुपटं. पोरीला तिने पाठीशी बांधलं आणि पैकूला उचलायला वाकली.

"मैना, अगं काय करतेस?"

"घरी चालली."

"आता अर्ध्यात नेलंस तर जगायचा नाही तो. आता कुठे सुधारायला लागलाय."

"नथ्थू तुमचा हाये बाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमी लिवला, तुमीच ठेवा. मी माहा पैकू घेऊन चालली. माहा पैकू मोठा व्हता. तुमी लोकायनं त्याले हे असं केलं, अन् वरतून मलेच म्हनते, लेकराले उपाशी मारलं."

मी दारात आडवी उभी राहिले. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी तोपर्यंत डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं.

"पैकू तेव्हाही असाच होता गं. आत असाच होता. स्पर्धेच्या सकाळी मी त्याला तयार करायला आले होते ना? तू पाणी आणायला गेली होतीस. त्याच्या पायातला काळा दोरा मांसात रुतला होता. मी ब्लेडने कापला. तेव्हाच मला कळलं होतं. मला शिकवलेलं होतं, मैना. मी दोरा चुलीत टाकला आणि त्याला पावडर लावली."

मैना तशीच उभी होती, एक हात पैकूच्या मानेखाली.

"तवाच माहीत व्हतं?"

"हो."

"दवाखान्यात न्यायाचं सोडून तुमी त्याले त्या काट्याले टांगाले नेलं?"

"हो."

ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण माझ्या बऱ्या वाटण्याची तिला काय पडली होती? तिने पैकूला पुन्हा खाटेवर ठेवलं. गाठोडं सोडलं, वाटी काढली आणि उशाशी ठेवली. मग खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"त्याचं नाव लिवा."

"मैना, नाव बदललं तर..."

"हा मेला तं मरन नथ्थू," ती म्हणाली, "अन् माहा पैकू तिथं भिताडावर हासत राहीन. कागदावर बी जिता राहीन. मंग मी कोनाले रडू? जगला तं त्याच्या नावानं जगन. मेला तं त्याच्या नावानं मरन. लिवा."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. पैकू जगला. तेवीस दिवस तिथे राहिला. सतराव्या दिवशी त्याने शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या हातातलं अंडं हिसकावलं, ती पोरगी भोकाड पसरून रडली आणि डॉक्टर रेवतकर सगळ्या नर्सबायांना बोलावून ते दाखवत सुटला. खाटेचं दूध-अंडं बंद झालं नाही, कारण आता वजन खरोखरच सात शंभर होतं आणि खडतकर साहेबांनी दिलेला शब्द पाळला. पैकूच्या नावाने सही केली, जेवता जेवता केली. ढाल परत गेली. मला मात्र कारणे दाखवा नोटीस आली. तिच्यात दोन मुद्दे होते. एक, आपल्या अंगणवाडीतील प्रथम क्रमांकाचे सुदृढ बालक अवघ्या अकरा दिवसांत कुपोषित कसे झाले याचा खुलासा करावा. दोन, नथ्थू कवडू टेकाम हे बालक रुग्णालयातून कोठे गेले याचा शोध घेऊन अहवाल द्यावा. पहिल्याचं उत्तर मी चार पानी लिहिलं. दुसऱ्यासाठी एक चौकशी अधिकारी तीनदा पोडावर येऊन गेला. मैनाने तीनदा त्याला पाणी दिलं. शेवटी 'बालक स्थलांतरित' असा शेरा पडला आणि नथ्थू आमच्या तालुक्यातून कायमचा गेला. माझी नोकरी राहिली, ती माझ्या लायकीमुळे नाही. पोडावर यायला दुसरी कोणी तयार नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी पिशवीतलं पेन काढलं, कार्डावरच्या नथ्थूवर रेघ मारली आणि वर लिहिलं.

"वाचा," मैना म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं आणि माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या शाळेत जाणाऱ्या पोरीलाही जवळ बोलावून घेतलं.

"पैकू कवडू टेकाम," मी वाचलं. "वय दोन वर्षं. वजन सात किलो शंभर."

पोरीने कार्डात डोकं घालून मान हलवली.

"पुढं?"

"पुढे आजाराचं नाव आहे. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलंय."

"तेबी वाचा. आपल्या बोलीत."

नऊ वर्षांच्या नोकरीत मी पन्नास रजिस्टरं भरली होती. श्रेणी लिहिली, वजन लिहिलं, शेरा लिहिला. ही एक गोष्ट मी कधी लिहिली नव्हती आणि मोठ्याने तर कधीच उच्चारली नव्हती.

"खायला कमी पडलं," मी म्हणाले.

मैनाने मान डोलावली. ती पैकूच्या उशाशी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटीतलं दूध बोटाने ढवळलं.

"तेच तं सांगाले आली व्हती मी," ती म्हणाली. "बैलायच्या पोयाच्या दुसऱ्या दिवशी, वाटी घेऊन. म्हनलं बाई, पैकूले अजून एक वाटी सुकडी द्या, घरात काई नाई. तं तुमी म्हनलं, हा साधारन श्रेनीत हाये, याले एकच वाटी."

"हो," मी म्हणाले. "आली होतीस."